कॅम्परव्हॅनमधला गॅस : आधी सीटखालचा डबा उघडून पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी उलटली की शनिवारी सकाळी पुण्याच्या चांदणी चौकातून बाहेर पडणाऱ्या गाड्यांमध्ये आता पलंग, ओटा, सिंक बसवलेल्या व्हॅन हमखास दिसतात. कुणी पवनेच्या काठाला जातं, कुणी मुळशी-ताम्हिणीकडे, कुणी थेट हर्णे-गुहागरला. राज्य सरकारचं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आलं. काही जण अशी गाडी भाड्याने घेतात, तर बरेच जण घरच्याच जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरचं किंवा व्हॅनचं आतलं काम करून घेतात. आम्ही गॅसजोडणी आणि गाड्यांच्या बांधणीच्या कामातली माणसं आहोत आणि या हौसेचं आम्हाला कौतुकच आहे. हे पत्र एकाच गोष्टीसाठी आहे. या गाड्यांचं स्वयंपाकघर बहुधा घरच्या मॉड्युलर किचनचं काम करणारा सुतार बांधतो आणि गॅसही घरासारखाच जोडतो : ओट्याखाली किंवा सीटखाली सिलिंडर, त्याला रबरी नळी, वर शेगडी. घरात जे चालतं ते गाडीत का चालत नाही, हे सांगणारं कुणी त्या वेळी तिथे नसतं.

आपल्याकडच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतं. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ब्युटेन साधारण दुप्पट. गळालेला गॅस वर जात नाही, पाण्यासारखा जमिनीवर पसरतो आणि सखल जागी साठतो. घरात त्याला दाराखालची फट मिळते, गॅलरी मिळते. गाडीत जमिनीवर प्लाय, त्यावर व्हिनाइल, कडेने धूळ येऊ नये म्हणून सिलिकॉन. खिडक्या कमरेच्या वर, आणि त्याही डासांमुळे नाहीतर थंडीमुळे बंद. म्हणजे आपणच एक हौद बांधलेला असतो.

या हौदाचा हिशोब एकदा करून पाहावा. आतली जागा चार मीटर लांब आणि पावणेदोन मीटर रुंद धरली तर सात चौरस मीटर जमीन झाली. तिच्यावर वीतभर उंचीचा हवेचा थर म्हणजे सुमारे १.४ घनमीटर. हवेत गॅसचं प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास पोचलं की ते मिश्रण ठिणगीने पेटू शकतं. त्या थरात २ टक्के म्हणजे साठेक ग्रॅम गॅस. सिलिंडरमध्ये तो द्रवरूपात असतो तेव्हा चहाच्या एका कपात मावेल. न पेटवता चालू राहिलेला शेगडीचा एक लहान बर्नर तासाला १२० ते १५० ग्रॅम गॅस सोडतो, म्हणजे अर्ध्या तासात काम झालं. नळीच्या टोकाची सैल क्लिप जास्त वेळ घेईल, पण रात्र मोठी असते.

आता ठिणगीकडे. रात्री काडी कुणी ओढत नाही, म्हणून लोक निश्चिंत असतात. पण बहुतेक कॅम्परमध्ये सिंकखाली, जमिनीलगत, पाण्याचा १२ व्होल्टचा छोटा पंप असतो. नळ उघडला की पाण्याचा दाब उतरतो, पंपातला प्रेशर स्विच जुळतो आणि मोटर फिरू लागते. स्विचच्या त्या टोकांवर ठिणगी पडते, मोटरच्या ब्रशवरही पडते. पहाटे कुणीतरी उठून चूळ भरायला नळ उघडतो, तेवढंच पुरतं. फ्रिजचा कॉम्प्रेसर आणि इन्व्हर्टरचा रिले यांचंही हेच, आणि ते तर कुणाचा हात न लागता आपोआप चालू-बंद होत असतात.

म्हणून म्हणतो, गाडीतला सीटखालचा डबा उघडून पाहा. वर गादी, खाली प्लायचं झाकण. आत एका कोपऱ्यात सिलिंडर, शेजारी बॅटरी, तिच्यावर इन्व्हर्टर, मधून पाण्याचा पंप, आणि उरलेल्या जागेत चपला, दोरी, कोळशाची पिशवी. खाली एकही भोक नाही. असा डबा दिसला तर त्यातलं सिलिंडर आजच बाहेर काढावं, बाकीचं सावकाश बघता येईल.

बरोबर डबा कसा असतो? तो पत्र्याचा असतो, त्याचं दार फक्त गाडीबाहेर उघडतं, आणि आतल्या बाजूचा प्रत्येक सांधा सील केलेला असतो. त्यातून आत राहायच्या जागेत फक्त एक नळी जाते आणि तिच्याभोवतीची फटही बंद असते. डब्याच्या तळाला भोकं हवीत, थेट रस्त्याकडे उघडणारी. युरोपातल्या कॅराव्हॅनच्या मानकात याचं माप दिलेलं आहे : हवेची वाट फक्त तळाला असेल तर ती डब्याच्या तळाच्या क्षेत्रफळाच्या किमान २ टक्के, आणि कोणत्याही परिस्थितीत १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा कमी नको. ४० बाय ४० सेंटिमीटरच्या डब्याचे २ टक्के फक्त ३२ येतात, म्हणून इथे १०० चाच नियम लागू होतो. पाच सेंटिमीटर व्यासाची सहा भोकं पाडली की तो भागतो. भोकांना जाळी लावावी, पण ती बारीक नको, चिखलाने बुजते. भोर किंवा वेल्ह्याच्या कच्च्या रस्त्यावरून आल्यावर खाली वाकून ती साफ आहे ना हे बघण्याची सवय लावून घ्यावी. भोकांच्या खाली किंवा जवळ सिलेन्सर नको आणि मागच्या चाकाचा फवारा थेट येईल अशी जागाही नको. डब्यात सिलिंडर आणि रेग्युलेटर, एवढंच. बॅटरी नाही, वायर नाही, दिवासुद्धा नाही. सिलिंडर उभंच, दोन पट्ट्यांनी आवळलेलं, एक खाली, एक वर. आडवं ठेवलं तर रेग्युलेटरमध्ये वायूऐवजी द्रव येतो. हा द्रव वायू होताना सुमारे २५० पट फुगतो आणि शेगडीवर हातभर भडका उडतो.

गाडीत १४.२ किलोचं घरगुती सिलिंडर नेणं सर्रास चालतं. ते घरातल्या स्वयंपाकासाठी दिलेलं असतं. पर्यटनाच्या, त्यातही भाड्याच्या गाडीत ते वापरणं नियमात बसत नाही. शिवाय दोन दिवसांच्या फेरीला एवढा गॅस लागतो कुठे? ५ किलोचं छोटं सिलिंडर एजन्सीत आणि काही पेट्रोल पंपांवर ओळखपत्र दाखवून रीतसर मिळतं. ते हलकं असतं, बांधायला सोपं, आणि काही बिघडलंच तर धोक्यात असलेला गॅस तिपटीने कमी.

ते रीतसरच घ्यावं, असं आम्ही कळकळीने सांगतो. मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात गॅस भरून देणारी दुकानं कुठे आहेत हे सगळ्यांना माहीत असतं. अशी भराई कायद्याने बंद आहे, आणि त्यामागचं कारण प्रत्येक गाडीवाल्याला ठाऊक हवं. सिलिंडर कधीच काठोकाठ भरायचं नसतं. वर मोकळी जागा सोडावी लागते, कारण तापमान वाढलं की आतला द्रव फुगतो. अमेरिकेत गाडीवाले स्वतः सिलिंडर भरून आणतात, म्हणून तिथल्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये ८० टक्क्यांवर भराई थांबवणारा तरंगता गोळा असतो. आपल्याकडे भराई प्लांटमध्ये वजनावर होते, त्यामुळे आपल्या व्हॉल्व्हमध्ये तसली सोय नसते. गल्लीतला भरणारा अंदाजाने भरतो. एप्रिलमध्ये बंद गाडी उन्हात उभी राहिली आणि वरची मोकळी जागा संपली की पुढे द्रवाला फुगायला वावच उरत नाही. द्रव दबत नाही, तेव्हा फाटतो तो पत्राच.

सिलिंडर घेताना वरच्या कड्याच्या आतल्या पट्टीवर एक अक्षर आणि दोन आकडे पाहावेत. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. ‘बी २८’ लिहिलं असेल तर त्या सिलिंडरची पुढची चाचणी जून २०२८ पर्यंत करायची आहे. तारीख उलटून गेली असेल तर परत द्यावं. टोपी काढल्यावर व्हॉल्व्हच्या तोंडात काळी रबरी रिंग दिसते. ती जागेवर आहे का, चिरलेली तर नाही ना, हे बोट न घालता नुसतं वाकून पाहिलं तरी कळतं. रेग्युलेटर बसल्यावर फुसफुस ऐकू येते, ती बहुतेक वेळा याच रिंगमुळे.

नळीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण गाडीत सर्वात जास्त त्रास तीच देते. घरातली नळी पाच वर्षं एका जागी लोंबत असते. गाडीतली नळी प्रत्येक खड्ड्याला हलते. प्लायमध्ये किंवा पत्र्यात भोक पाडून ती ओढून घेतलेली असली तर ताम्हिणी घाटाच्या दोन-चार फेऱ्यांत भोकाची कड तिला करवतीसारखी कापते, आणि तेही नेमकं कपाटाच्या आत, जिथे दिसत नाही. नळी आयएसआय खुणेची, आत तारेची जाळी असलेली, केशरी रंगाचीच हवी. तिचा मानक क्रमांक आयएस ९५७३ तिच्यावर छापलेला असतो. लांबी दीड मीटरच्या आत, मध्ये जोड नको. घरासाठी पाच वर्षांची मुदत सांगतात. गाडीत तिसऱ्या वर्षी बदलावी असं आमचं मत आहे, आणि कुठे घासलेली दिसली तर त्याच दिवशी.

अंतर जास्त असेल तर रबराची नळी वाढवत नेऊ नये. डब्यापासून शेगडीपर्यंत तांब्याची नळी टाकावी, ती दर अर्ध्या मीटरला रबर लावलेल्या क्लिपने पक्की करावी, आणि पत्र्यातून जाते तिथे भोकाला रबरी ग्रोमेट, म्हणजे कड झाकणारी रिंग, बसवावा. शेगडीच्या आधी हाताला येईल असा एक कॉक हवा. फ्लेअर नटावर, म्हणजे तांब्याच्या नळीचं पसरवलेलं तोंड आवळून धरणाऱ्या पितळी नटावर, टेफ्लॉन टेप गुंडाळणारे फिटर पुष्कळ आहेत. हा सांधा तांबं आणि पितळ एकमेकांवर नीट बसून बंद होतो, टेप मध्ये आली की नट घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि पुढे सैल होतो. नवीन काम झाल्यावर पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर सगळे नट दोन पान्यांनी पुन्हा तपासून घ्यावेत. रेग्युलेटर घरगुती शेगडीचा, ३० मिलिबारचाच. भटारखान्याच्या शेगडीला लावतात तो जास्त दाबाचा रेग्युलेटर इथे लावला तर ज्योत बर्नर सोडून वर उडते आणि कॉकमधून गळती सुरू होते.

गळती शोधायची ती साबणाच्या पाण्याने. वाटीभर पाण्यात भांड्यांचा साबण दोन चमचे, ब्रशने प्रत्येक सांध्यावर, आणि मिनिटभर टक लावून पाहायचं. लहान गळतीचा बुडबुडा हळू येतो. काडीपेटी घेऊन कुणी पुढे आलं तर त्याला गाडीपासून लांब न्यावं.

पण साबणाला फक्त दिसणारे सांधे कळतात. पूर्ण जोडणी तपासायची तर पारदर्शक नळीचा मीटरभर तुकडा यू आकारात फळीवर बांधून त्यात अर्ध्यापर्यंत पाणी भरावं आणि एक टोक शेगडीच्या सांध्याला जोडावं. हे सारं सावलीत, गाडीची दारं उघडी ठेवून आणि आसपास कुठेही विस्तव नसताना करायचं. रेग्युलेटर हळू उघडला की दोन बाजूंच्या पाण्यात सुमारे ३० सेंटिमीटरचा फरक पडतो, तोच ३० मिलिबारचा दाब. मग रेग्युलेटर बंद करायचा, पाच मिनिटं थांबायचं, पाण्याच्या पातळीवर पेनाने खूण करायची आणि दहा मिनिटांनी पाहायचं. पाणी खुणेवरून हललं असेल तर कुठेतरी गळती आहे. उन्हात हे करू नये, नळी तापली की दाब बदलतो आणि निकाल फसवा येतो. खर्च पन्नास रुपयांच्या आत, आणि तरीही ही चाचणी करून देणारं वर्कशॉप शोधावं लागतं याचं वाईट वाटतं.

आतापर्यंत न जळलेल्या गॅसबद्दल झालं. जळणारा गॅसही बंद गाडीत माणूस मारतो. एक किलो गॅस नीट जळायला १२ ते १३ घनमीटर हवा लागते, आणि त्यातून दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ बाहेर पडते. शेगडी चालू असताना काचा ओल्या होतात त्या याच वाफेने. काच ओघळू लागली की हवा पुरेशी बदलत नाही, हा त्याचा सरळ अर्थ.

अलीकडे काही गाड्यांत अंघोळीसाठी गॅस गिझर बसवलेला दिसतो आणि त्याची आम्हाला सर्वात जास्त भीती वाटते. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर पूर्ण वेगाने चालला तर तासाला किलोभर गॅस खातो. गाडीतल्या न्हाणीघरात जेमतेम दीड घनमीटर हवा असते. ती सगळी हवा सात-आठ मिनिटांत संपेल, आणि त्याच्या बरंच आधी प्राणवायू कमी पडून ज्योत पिवळी होईल व कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागेल. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, पाय लटपटतात, माणूस खाली बसतो आणि कडी आतून लावलेली असते. पुण्यात घरांच्या बाथरूममध्ये हे घडतं, तिथे निदान भिंतीत झरोका असतो. गिझर हवाच असेल तर तो मागच्या दाराबाहेर, उघड्यावर वापरावा. महाबळेश्वरच्या थंडीत कोळशाची सिगडी आत घेऊन झोपणं हाही त्याच वायूला आत बोलावण्याचा प्रकार आहे, कोळसा विझल्यासारखा दिसला तरी.

शेगडी आत असेल तर बंद करताच येणार नाहीत अशा हवेच्या दोन जाळ्या हव्यात, एक जमिनीशी, एक छताशी. आणि दोन अलार्म. गॅसचा जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर, कार्बन मोनॉक्साइडचा झोपल्यावर नाकाची जी उंची असते तिथे. एकच यंत्र दोन्ही ओळखतं असं गृहीत धरू नये, डब्यावरचं वाचावं. नाकावर तर मुळीच विसंबू नये. गॅसला घातलेला मर्कॅप्टनचा वास काही मिनिटांत सवयीचा होतो आणि झोपलेल्याला तो उठवत नाही.

२२० ग्रॅमच्या ब्युटेनच्या डब्यावर चालणाऱ्या पोर्टेबल शेगड्यांबद्दल थोडक्यात : त्या बाहेर, सपाट जागेवर, आणि तवा शेगडीपेक्षा मोठा नको. भाकरीचा मोठा तवा ठेवला की त्याची उष्णता शेजारच्या कप्प्यातल्या डब्यावर परतते आणि डबा फुगतो. लडाख-स्पितीला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू होणं जवळजवळ थांबवतं. तिथे ज्योत मंदावली म्हणून सिलिंडर उकळत्या पाण्यात ठेवणं किंवा त्याखाली स्टोव्ह पेटवणं हा जीवघेणा उपाय आहे.

आमचं स्पष्ट मत विचाराल तर पवना-मुळशीच्या एका रात्रीसाठी गाडीच्या आत गॅस नकोच. शेगडी बाहेर मांडावी, नाहीतर मोठ्या बॅटरीवर इंडक्शन घ्यावा. गाडी चालताना, पेट्रोल भरताना, बोगद्यात, दाभोळ-धोपावे फेरीवर आणि झोपताना रेग्युलेटर नुसता बंद करून भागणार नाही. तो काढून सिलिंडरला टोपी लावावी, दोरीने बांधलेली असते तीच.

रात्री वास आला तर दिवा लावू नये आणि लागलेला बंदही करू नये. पंखा, नळ, गाडीची किल्ली, रिमोट, मोबाइल, कशालाच हात नको. सरकते दार हाताने उघडून सगळ्यांनी उतरावं, दारं उघडीच ठेवावीत, आणि उताराच्या बाजूला न जाता वर, वारा ज्या बाजूने येतो तिकडे जाऊन उभं राहावं, कारण गॅस उताराने वाहतो. डबा बाहेर उघडणारा असेल तर बाहेरूनच रेग्युलेटर बंद करावा. फोन लांब गेल्यावर : गॅस गळतीसाठी १९०६, आगीसाठी १०१. नळीच्या टोकाला ज्योत लागली असेल तर ती विझवण्याआधी गॅस बंद करता येतो का ते पाहावं. गॅस चालू ठेवून ज्योत विझवली तर तोच गॅस साठून पुढे स्फोट होतो. पावडरचं अग्निशामक दाराजवळ हवं, शेगडीमागे ठेवलं तर आगीतून हात घालावा लागतो. सिलिंडरच ज्वाळांत सापडलं असेल तर काहीही वाचवायला न थांबता शंभर मीटरहून लांब पळावं आणि अग्निशमन दलाला गाडीत किती सिलिंडर आहेत ते सांगावं.

मोटर कॅराव्हॅनसाठी आपल्या देशात एआयएस-१२४ हे मानक आहे, आणि गाड्यांची चाचणी करणारी एआरएआय ही संस्था आपल्याच शहरात वेताळ टेकडीवर आहे. आतलं काम करून घेतलेली गाडी पासिंगला येईल तेव्हा निरीक्षकांनी ब्रेक-दिवे पाहतात तसा सीटखालचा डबा उघडून पाहावा, तळाला हात घालून भोक आहे का ते बघावं, अशी आमची मागणी आहे. भाड्याने गाड्या देणाऱ्यांनी नळीची तारीख, सिलिंडरवरचं अक्षर आणि शेवटच्या चाचणीचा दिवस एका कागदावर लिहून दाराच्या आत चिकटवावा. तो कागद नसेल तर गाडी ताब्यात घेणाऱ्याने वाटीभर साबणाचं पाणी मागून त्यांच्यासमोरच सांध्यांना लावावं, आणि बुडबुडा आला तर गाडी तिथेच सोडून घरी यावं.

आपले,
गॅसजोडणी आणि गाडीबांधणीच्या कामातले काही जण,
पुणे